गोठ्यात सोलर बसवताय? आधी प्लेट नव्हे, वही-पेन घ्या

किती वॅटची प्लेट, कोणती बॅटरी, इन्व्हर्टर लागतो का, अनुदान मिळते का? शेतातल्या शेडसाठी छोट्या सौर यंत्रणेचा हिशेब, सोप्या भाषेत

पहाटेचे साडेचार. वस्तीवरच्या गोठ्यात वीज नाही. मोबाइलचा टॉर्च गव्हाणीच्या कडेला टेकवून ठेवायचा आणि त्या उजेडात धार काढायची. सहा-साडेसहापर्यंत दूध डेअरीवर पोहोचले पाहिजे, त्यामुळे लाईट यायची वाट बघत बसता येत नाही. वैरणीच्या ढिगात हात घालताना मनात धाकधूक असतेच, कारण मण्यार रात्रीच फिरते आणि घोणसही उंदरांच्या मागे गोठ्याजवळ येते. जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या ऊसपट्ट्यात तर त्यात बिबट्याची भर.

राज्यातल्या हजारो वस्त्यांवरचे हे रोजचे चित्र. त्यामुळे अनेक जण आता शेडवर एखादी सोलर प्लेट आणि एक बॅटरी बसवून घेतात. पहिले सहा महिने सगळे छान चालते. मग पावसाळ्यात दिवा मध्यरात्रीच मालवतो, दीड-दोन वर्षांत बॅटरी बसते आणि ‘सोलर काही कामाचे नाही’ असा शेरा मारून प्लेट पत्र्यावर धूळ खात पडते.

बहुतेक वेळा दोष सोलरचा नसतो, हिशेबाचा असतो. दुकानात जाऊन ‘एक प्लेट आणि एक बॅटरी द्या’ असे म्हटले, की तिथेच चूक होते. हा हिशेब दहावीच्या गणितापेक्षा अवघड नाही. तो कसा करायचा, ते पाहू.

गोठ्यातच अंधार का?

गावठाणाची वीजवाहिनी वेगळी आणि शेतीची वेगळी. शेतीच्या वाहिनीवर कृषिपंपांसाठी थ्री फेज वीज ठरावीक तासांसाठी आणि वेळापत्रकाप्रमाणे येते, काही दिवस दिवसा, तर काही दिवस रात्री. गावातल्या घरात दिवे असतात, पण शेतातल्या वस्तीवर आणि गोठ्यात पुरवठ्याचा भरवसा नसतो. वादळात तार तुटली किंवा रोहित्र जळले, तर दुरुस्तीला दिवस जातात.

काही ठिकाणी यावर आकडा टाकून तोडगा काढला जातो. वीज कायदा २००३ नुसार ती वीजचोरी आहेच, पण त्याहून मोठा धोका ओल्या गोठ्यात उघड्या तारेचा आहे. बारा व्होल्टची छोटी सौर यंत्रणा हा त्यापेक्षा कितीतरी सुरक्षित मार्ग आहे. मात्र तिची मर्यादा आधी समजून घ्यायला हवी.

सुरुवात कुठून करायची?

प्लेटपासून नाही, बॅटरीपासूनही नाही. सुरुवात वहीतून करायची. गोठ्यात काय काय चालवायचे, ते किती वॅटचे आहे आणि रोज किती तास चालेल, एवढे तीन रकाने काढायचे. वॅट गुणिले तास म्हणजे वॅट-तास. असे १,००० वॅट-तास झाले, की वीजबिलातले एक युनिट होते.

उदाहरणादाखल चार-पाच जनावरांचा गोठा घेऊ.

– आतले दोन एलईडी दिवे, प्रत्येकी ९ वॅट, रोज ५ तास: ९० वॅट-तास
– बाहेरचा एक एलईडी फोकस, २० वॅट, रात्रभर ११ तास: २२० वॅट-तास
– बारा व्होल्टचा एक पंखा, ३५ वॅट, दुपारी ६ तास: २१० वॅट-तास
– सिमकार्डवर चालणारा कॅमेरा, ६ वॅट, २४ तास: १४४ वॅट-तास
– दोन मोबाइलचे चार्जिंग: ३० वॅट-तास

एकूण ६९४, म्हणजे धरून चालू ७०० वॅट-तास. पाऊण युनिटही नाही. पण पुढचा सगळा खर्च याच आकड्यावर उभा राहतो.

इथे एक गोष्ट लक्षात येते. सर्वात जास्त वीज खाणारी वस्तू म्हणजे रात्रभर जळणारा बाहेरचा फोकस. तो सतत पूर्ण उजेडात ठेवण्याऐवजी हालचाल टिपणारा सेन्सर बसवलेला घेतला, तर त्याचा वापर निम्म्याहून खाली येऊ शकतो. प्लेट वाढवण्यापेक्षा वापर कमी करणे नेहमीच स्वस्त पडते.

बिबट्याच्या पट्ट्यात फोकस हवाच, पण उजेड म्हणजे हमी नव्हे. चारही बाजूंनी जाळी किंवा भिंत असलेला, दार लागणारा बंदिस्त गोठा ही पहिली गरज. दिवा त्यानंतर.

कडबाकुट्टी यावर चालेल का?

नाही. हा प्रश्न हमखास विचारला जातो, म्हणून त्याचा हिशेब बघा. दोन एचपीची कडबाकुट्टी म्हणजे सुमारे १,५०० वॅट. बारा व्होल्टच्या बॅटरीतून एवढी शक्ती घ्यायची, तर सव्वाशे अँपिअर करंट लागेल. शिवाय मोटर सुरू होताना काही क्षण त्याच्या कित्येक पट करंट ओढते. दीडशे एएचची बॅटरी सुरक्षित मर्यादेपर्यंत वापरली, तरी जेमतेम ३५ मिनिटांत संपेल. कडबाकुट्टी, पाण्याची मोटर, हीटर या वस्तू महावितरणच्या विजेवरच ठेवायच्या. छोटी सौर यंत्रणा दिवे, पंखा, कॅमेरा आणि मोबाइल यांच्यासाठी आहे.

प्लेट किती वॅटची लागेल?

प्लेटवर ‘३३५ वॅट’ लिहिलेले असते. ते प्रयोगशाळेतले मोजमाप आहे. प्रति चौरस मीटर १,००० वॅटचे ऊन आणि प्लेटमधील सेलचे तापमान २५ अंश, अशा स्थितीत ती तेवढी वीज देते. आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी सेलचे तापमान ६५ अंशांच्या पुढे जाते. दर अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के उत्पादन घटते, म्हणजे ऐन उन्हाळ्यात सुमारे १५ टक्के इथेच गेले. ऊन कडक म्हणजे वीज जास्त, हे अर्धसत्य आहे. प्लेटला ऊन हवे असते, उष्णता नको असते. त्यात धूळ, वायर आणि बॅटरी भरता-रिकामी होतानाची गळती धरली, तर हातात ७० टक्के येतात असे मानणे शहाणपणाचे.

दुसरा आकडा म्हणजे दिवसाला किती तासांचे ‘पूर्ण ऊन’ मिळते. सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन एकत्र करून दुपारच्या कडक उन्हाच्या मापात बसवले, तर महाराष्ट्रात हिवाळा-उन्हाळ्यात साधारण ५ तास भरतात. जुलै-ऑगस्टमध्ये हा आकडा ३ च्या आसपास येतो आणि झडीच्या दिवसांत त्याहूनही खाली.

हिशेब पावसाळ्याचाच करायचा. ३३५ वॅट × ३ तास × ०.७ = सुमारे ७०० वॅट-तास. म्हणजे वरच्या गोठ्यासाठी ३३५ वॅटची एक प्लेट पावसाळ्यातही काठावर पुरते. उन्हाळ्यात तीच प्लेट ५ तासांच्या हिशेबाने ११०० च्या वर वॅट-तास देईल.

अनेक ठिकाणी १०० वॅटची प्लेट बसवून काम भागवले जाते. १०० × ३ × ०.७ = २१० वॅट-तास. एवढ्यात तो २० वॅटचा फोकसही रात्रभर चालत नाही. पावसाळ्यात मध्यरात्री दिवा का जातो, याचे उत्तर या एका ओळीत आहे.

प्लेट घेताना मागच्या बाजूचे लेबल वाचा. बीआयएसचे चिन्ह आणि ‘आयएस १४२८६’ हा क्रमांक हवा. लेबलवर कमाल व्होल्टेज लिहिलेले असते, त्याचा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. पुढच्याच टप्प्यात तो लागणार आहे.

चार्ज कंट्रोलर: छोटा डबा, मोठा फरक

प्लेट आणि बॅटरी यांच्यामध्ये चार्ज कंट्रोलर लागतो. बॅटरी जास्त भरू नये आणि गरजेपेक्षा जास्त रिकामी होऊ नये, हे त्याचे काम. बाजारात त्याचे दोन प्रकार आहेत: पीडब्ल्यूएम आणि एमपीपीटी.

पीडब्ल्यूएम स्वस्त असतो, पण तो प्लेटला बॅटरीच्या व्होल्टेजवर खाली ओढतो. ३३५ वॅटची प्लेट साधारण ३८ व्होल्ट आणि पावणेनऊ अँपिअरवर पूर्ण शक्तीने चालते. ती पीडब्ल्यूएममधून १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडली, तर करंट तेवढाच राहतो, व्होल्टेज मात्र १३ वर येते. पावणेनऊ गुणिले तेरा म्हणजे सुमारे ११५ वॅट. पैसे ३३५ वॅटचे मोजले आणि हातात एक तृतीयांश आले.

एमपीपीटी कंट्रोलर जास्तीच्या व्होल्टेजचे करंटमध्ये रूपांतर करतो, त्यामुळे बॅटरीला वीस अँपिअरच्या पुढे करंट मिळतो. मोठी प्लेट आणि १२ व्होल्टची बॅटरी असेल, तर एमपीपीटीच घ्यायचा. १८ व्होल्टच्या आसपास चालणाऱ्या छोट्या ‘बारा व्होल्टच्या’ प्लेट्स वापरणार असाल, तर पीडब्ल्यूएमवरही भागते.

आपल्या उदाहरणात ३० अँपिअरचा एमपीपीटी लागेल. त्याची व्होल्टेज मर्यादा प्लेटच्या कमाल व्होल्टेजपेक्षा बरीच वर हवी. ३३५ वॅटच्या प्लेटचे कमाल व्होल्टेज ४६ च्या आसपास असते आणि थंडीच्या सकाळी ते आणखी वाढते. ५० व्होल्ट मर्यादेचा कंट्रोलर घेणे म्हणजे काठावरून चालणे. ७५ किंवा १०० व्होल्टचा घ्या.

सावध राहण्याची एक गोष्ट. डब्यावर ‘एमपीपीटी’ छापलेले, पण आत पीडब्ल्यूएम, असे स्वस्त कंट्रोलर बाजारात मिळतात. ओळखायची युक्ती सोपी आहे. बॅटरी थोडी रिकामी असताना भर दुपारी प्लेटकडून येणारा आणि बॅटरीकडे जाणारा असे दोन्ही करंट मोजायला सांगा. ३८ व्होल्टची प्लेट असताना खऱ्या एमपीपीटीत बॅटरीकडचा करंट दुपटीहून जास्त दिसतो. दोन्ही सारखेच दिसले, तर डबा परत करा.

बॅटरी: पैसे इथेच बुडतात

प्लेटला साधारण २५ वर्षांच्या उत्पादनाची हमी मिळते. बॅटरीचे तसे नाही. म्हणून यंत्रणेचा खरा खर्च बॅटरीचा असतो.

गोठ्यासाठी दोन पर्याय आहेत. घरच्या इन्व्हर्टरला असते तशी ट्युब्युलर लेड-ॲसिड बॅटरी किंवा लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी.

१२ व्होल्ट, १५० एएचच्या ट्युब्युलर बॅटरीत १,८०० वॅट-तास असतात. पण ती रोज निम्म्याखाली उतरवली, तर आयुष्य झपाट्याने घटते. त्यामुळे वापरायचे ९०० च. १२.८ व्होल्ट, १०० एएचच्या लिथियम बॅटरीत १,२८० वॅट-तास असतात आणि त्यातले ८० टक्के, म्हणजे हजारभर, बिनधास्त वापरता येतात. कागदावर लहान दिसणारी लिथियम प्रत्यक्षात थोडी मोठीच ठरते. वजनातही फरक आहे. ट्युब्युलर पन्नास किलोच्या पुढे, तर ही साधारण १०-१३ किलोंची.

हे ९०० ते १,००० वॅट-तास पुरतील का? पावसाळ्यात ढग दाटले, की पंखा लागत नाही. तो वजा केला तर रोजची गरज ४८४ वर येते. म्हणजे ऊन अजिबात पडले नाही, तरी जवळपास दोन दिवस निघतात. त्यानंतर फोकस कमी वेळ लावायचा, एवढेच.

किमतीची तुलना करताना बॅटरीची किंमत बघू नका, तिच्यातून आयुष्यभरात मिळणाऱ्या एका युनिटची किंमत काढा. समजा ट्युब्युलर १५ हजारांना मिळाली आणि निम्म्यापर्यंत वापरत १,२०० वेळा भरली-रिकामी झाली. ०.९ युनिट × १,२०० म्हणजे १,०८० युनिट, दर युनिटला सुमारे १४ रुपये. समजा लिथियम २५ हजारांना मिळाली आणि २,५०० वेळा वापरली गेली. १ युनिट × २,५०० म्हणजे २,५०० युनिट, दर युनिटला १० रुपये. किमती दुकानागणिक बदलतील. तुमचे आकडे टाकून हाच हिशेब करा.

अर्थात लिथियमचे हे गणित चांगल्या बॅटरीचे आहे. आत प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारे बीएमएस हे सर्किट हवे, पक्के बिल आणि वॉरंटी कार्ड हवे. ई-रिक्षातून काढलेले जुने सेल जोडून बनवलेले पॅक स्वस्त मिळतात. ते गोठ्यात आणू नका.

ट्युब्युलर घेतली, तर दोन कामे नेमाने करावी लागतात. दर दोन-तीन महिन्यांनी पाण्याची पातळी बघून फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचे. विहिरीचे किंवा बोअरचे क्षारयुक्त पाणी घातले, की बॅटरी गेली. दुसरे, कंट्रोलरमधील तोडणीचे व्होल्टेज तपासायचे. अनेक कंट्रोलर ११ व्होल्टच्या आसपास गेल्यावरच दिवे बंद करतात. तोवर लेड-ॲसिड बॅटरी जवळजवळ रिकामी झालेली असते. सेटिंग बदलता येत असेल, तर ते ११.८ च्या आसपास ठेवा. विश्रांतीत असलेली बॅटरी १२.७ व्होल्ट दाखवत असेल तर पूर्ण भरलेली, १२.१-१२.२ म्हणजे निम्मी, हे गणित लक्षात ठेवायला सोपे.

लिथियमला हे व्होल्टेजचे गणित लागू नाही. ती भरलेली असो वा निम्मी, व्होल्टेज जवळजवळ सारखेच दिसते. त्यामुळे कंट्रोलरवर बॅटरीचा प्रकार ‘लिथियम’ असाच निवडलेला हवा.

इन्व्हर्टर घ्यायचा का?

शक्यतो नको. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला, काहीही जोडले नाही, तरी तो १० ते २० वॅट खातो. चोवीस तासांचे झाले २४० ते ४८० वॅट-तास. आपल्या गोठ्याची रोजची गरज ७०० आहे, हे आठवा. म्हणजे दिवे लावण्याआधीच तिसरा हिस्सा, कदाचित त्याहून जास्त, इन्व्हर्टरने खाल्ला.

१२ व्होल्ट डीसीवर चालणारे एलईडी दिवे, फोकस, पंखे आणि मोबाइल चार्जर आता तालुक्याच्या बाजारातही मिळतात. ते थेट कंट्रोलरला जोडता येतात.

दुसरे कारण सुरक्षेचे. गोठ्याची जमीन कायम ओली असते, दावणीला लोखंडी साखळ्या असतात. तिथे २३० व्होल्टची तार सोलली गेली, तर आधी जनावर आणि मग त्याला सोडवायला धावलेला माणूस सापडतो. १२ व्होल्टमध्ये हा धोका नाही. काही कारणाने २३० व्होल्ट न्यावेच लागले, तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि चांगले अर्थिंग यांशिवाय नेऊ नका.

वायर बारीक असेल तर?

१२ व्होल्टचा एक तोटा आहे. वायरमध्ये व्होल्टेज पटकन घटते. समजा २० वॅटचा फोकस २५ मीटर लांब आहे आणि पाऊण चौरस मिलिमीटरची साधी वायर वापरली. करंट जेमतेम १.७ अँपिअर, तरी जाण्या-येण्याच्या ५० मीटर तारेत दोन व्होल्टहून जास्त व्होल्टेज हरवते. बारापैकी दोन गेले, की दिवा मंद होतो आणि दोष बॅटरीला दिला जातो. हीच वायर अडीच चौरस मिलिमीटरची घेतली, तर घट ०.६ व्होल्टवर येते.

म्हणून बॅटरी आणि कंट्रोलर दिव्यांच्या जवळ ठेवायचे. प्लेटकडून येणारी वायर लांब असली तरी चालते, कारण तिच्यातले व्होल्टेज जास्त असते. तिच्यासाठी उन्हा-पावसात टिकणारी चार चौरस मिलिमीटरची सोलर केबल पुरते.

बसवताना काय बघायचे?

दिशा दक्षिण, उतार १५ ते २० अंश. महाराष्ट्र साधारण १६ ते २२ अंश अक्षांशांत येतो, त्यामुळे हा उतार वर्षभर बरा पडतो आणि पावसात धूळही धुऊन जाते.

सावली हा प्लेटचा सर्वात मोठा शत्रू. आतले सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात, त्यामुळे एका कोपऱ्यावर फांदीची सावली पडली, तरी मोठा हिस्सा बंद पडू शकतो. मे महिन्यात जागा बघून प्लेट बसवली, की सावली दिसत नाही. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे खाली सरकतो आणि तेव्हा दक्षिणेच्या आंब्याची किंवा कडुलिंबाची सावली पत्र्यावर येते. जागा निवडताना हिवाळ्याचा विचार करा.

३३५ वॅटची प्लेट सुमारे दोन चौरस मीटरची आणि वीसेक किलोंची असते. तिचे वजन हा प्रश्न नाही, वारा हा प्रश्न आहे. वळवाच्या पावसात सुटणारा वारा प्लेटला खालून उचलतो. म्हणून अँगल नुसता पत्र्याला नाही, पत्र्याखालच्या लोखंडी पाइपाला किंवा वाशाला बोल्टने आवळायचा. प्लेट आणि पत्रा यांत वीतभर मोकळी जागा ठेवली, तर हवा खेळते आणि प्लेट कमी तापते. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊ नका, तो फुटतो. फळी टाकूनच चढा.

जोडणीचा क्रमही ठरलेला आहे. आधी बॅटरी कंट्रोलरला, मग प्लेट, शेवटी दिवे. काढताना उलट: आधी दिवे, मग प्लेट, शेवटी बॅटरी. बॅटरी न जोडता प्लेट जोडली, तर कंट्रोलर जळू शकतो.

आगीचा धोका विसरू नका

१२ व्होल्टने शॉक बसत नाही, पण आग लागू शकते. बॅटरीच्या दोन टोकांवर चुकून पाना पडला, तर क्षणात शेकडो अँपिअर वाहतात आणि वायर लाल होते. शेजारी कडबा, भुसा, पेंढी. पुढचे सांगायला नको.

म्हणून बॅटरीच्या प्लस टोकापासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज हवाच. ३० अँपिअरच्या कंट्रोलरसाठी ४० अँपिअरचा फ्यूज आणि बॅटरीपर्यंत १० चौरस मिलिमीटरची वायर ठेवा. प्लेटच्या बाजूला एमसीबी लावत असाल, तर तो डीसीचाच हवा. घरातल्या एसी विजेचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विचमधली ठिणगी विझते. डीसीत तसे होत नाही. एसीचा स्वस्त एमसीबी डीसीवर ठिणगी विझवू शकेलच असे नाही.

बॅटरी वैरणीपासून दूर, जमिनीपासून वर, ओट्यावर किंवा स्टँडवर ठेवा. जनावराचे शेपूट, शिंग किंवा दोरी पोहोचणार नाही अशी जागा हवी. ट्युब्युलर बॅटरी भरताना हायड्रोजन वायू बाहेर पडतो, त्यामुळे ती बंद पेटीत कोंडू नका. गोमूत्रातून तयार होणाऱ्या अमोनियामुळे टर्मिनल लवकर खराब होतात. ते साफ करून पेट्रोलियम जेली लावत जा. उंदीर वायर कुरतडतात, म्हणून सर्व वायर पाइपातून न्या. प्लेटच्या लोखंडी सांगाड्याला अर्थिंग करून घ्या.

अनुदान मिळते का?

गोठ्यावरच्या अशा स्वतंत्र, बॅटरीवाल्या यंत्रणेला घराच्या छतासाठीची योजना लागू होत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्य घर’ योजनेत ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते, पण ते महावितरणच्या जाळ्याला जोडलेल्या घरगुती यंत्रणेसाठी. ‘शेडवर बसवा, अनुदान मिळवून देतो’ असे कोणी सांगितले, तर आधी कागद मागा.

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याला १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना ५ टक्के हिस्सा भरावा लागतो. पण ती योजना पंपाची आहे. शेतात पंपाच्या प्लेट्स आहेतच, तर त्यावरून गोठ्याला वायर ओढू, असा मोह अनेकांना होतो. तो टाळा. पंपाच्या प्लेट्स एकापुढे एक जोडलेल्या असतात आणि त्यांचे डीसी व्होल्टेज शेकड्यांत असू शकते. ते जिवावर बेतू शकते आणि पंपाच्या पाच वर्षांच्या हमीवरही पाणी पडू शकते. पीएम-कुसुममध्ये युनिव्हर्सल कंट्रोलरची सोय आहे, ज्यावर पंप बंद असताना कडबाकुट्टीसारखे यंत्र चालवता येते. आपल्या पंपाला तो आहे का, हे पुरवठादाराला विचारा.

मग हे परवडते का?

बिल वाचवण्यासाठी म्हणाल, तर नाही. फक्त बॅटरीचाच खर्च युनिटला १० ते १४ रुपये पडतो, हे वर पाहिले. महावितरणची घरगुती वीज पहिल्या शंभर युनिटपर्यंत याहून स्वस्त आहे. जिथे वीज भरवशाने येते, तिथे बॅटरीच्या भानगडीत पडण्यात अर्थ नाही.

ही यंत्रणा अंधारासाठी आहे. पहाटेची धार, रात्री विणारी गाय, वैरणीत हात घालण्याआधी दिसलेला साप, बाहेर काय हलले ते मोबाइलवर दाखवणारा कॅमेरा, यांची किंमत युनिटमध्ये मोजता येत नाही. पण म्हणूनच ती यंत्रणा ऐन जुलैच्या रात्री दोन वाजताही चालू राहिली पाहिजे.

दुकानात जाण्याआधी

– वापराची यादी आणि रोजचे एकूण वॅट-तास वहीत लिहिलेले हवेत.
– प्लेटचा हिशेब ३ तासांच्या उन्हावर, म्हणजे पावसाळ्यावर करा.
– मोठ्या प्लेटला एमपीपीटी कंट्रोलर, व्होल्टेज मर्यादा ७५ च्या वर.
– ट्युब्युलरची निम्मी, लिथियमची ८० टक्के क्षमता धरूनच बॅटरी निवडा.
– इन्व्हर्टर टाळा, दिवे आणि पंखा १२ व्होल्टचे घ्या.
– फ्यूज, जाड वायर आणि डीसी एमसीबी यांवर पैसे वाचवू नका.
– पक्के बिल, वॉरंटी कार्ड आणि लेबलचा फोटो जपून ठेवा.
– जुनी बॅटरी भंगारात फोडायला देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी घेताना दुकानदाराकडे जुनी जमा करा आणि तिची किंमत बिलातून वजा करून घ्या.

बसवून झाल्यावर एकच काम उरते. दर पंधरा दिवसांनी, सकाळी ऊन चढण्याआधी, प्लेट साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसायची. शेडवर चढायला शिडी पक्की हवी आणि खाली धरायला एक माणूस.